लिकार्वेचा झगा आणि गुनवोरचा डावा हात

दर ऑगस्टमध्ये आठवडाभर आम्ही चौदाव्या शतकातल्यासारखे राहतो; त्या आमच्या छावणीच्या दोरीच्या आत यायचे असेल, तर प्रत्येकाला आधी माझ्या टेबलापुढे उभे राहावे लागते. टेबल ओकच्या लाकडाचे, एकही खिळा न वापरता जोडलेले. त्यावर एक जाड वही. वहीत प्रत्येक माणसाच्या अंगावरील प्रत्येक वस्त्राची नोंद, आणि त्या नोंदीपुढे एक रकाना : 'आधार'. हे वस्त्र तेराशे एकसष्ट सालापूर्वी कोणी घातले होते, याचा पुरावा काय? थडग्यात सापडलेले कापड, चर्चच्या भिंतीवरील चित्र, निदान एखाद्या मृत्युपत्रातील ओळ तरी. पुरावा असला की मी नोंदीवर खूण करतो. नसला की माणसाने गाडीकडे परत जावे, हा नियम. बावीस वर्षे हे काम माझ्याकडे आहे. या काळात माझ्याशी कडाडून भांडलेल्यांत एक धर्मोपदेशक, दोन पोलीस आणि माझा सख्खा मेहुणा आहेत. मेहुण्याचे बूट यंत्राने शिवलेले होते.

बावीस वर्षांत जिच्या एकाही नोंदीवर मला काट मारावी लागली नाही, अशी एकच व्यक्ती : गुनवोर.

ती कोणी विदुषी नव्हे. बेटावरील विस्बी शहराच्या इस्पितळात कपडे सांधण्याच्या खोलीत तिने एकतीस वर्षे चादरी रफू केल्या आणि डॉक्टरांच्या अंगरख्यांना बंद लावले. नवरा जहाजावर इंजिन सांभाळी. तो जाऊन आता चौदा वर्षे झाली. बेटाच्या दक्षिणेला चुनखडीच्या दगडांचे घर, अकरा मेंढ्या, परसात लाल रंगासाठी मंजिष्ठेचा वाफा, एवढा तिचा संसार. ती बोलते थोडे, आणि तेही हातातील काम न थांबवता. आमच्या बेटावर पाच वर्षांचे पोर ऐंशीच्या म्हाताऱ्यालाही 'अरे' म्हणते, त्यामुळे तीही मला 'अरे' म्हणते; मात्र मी विद्यालयात लॅटिन शिकवत असे म्हणून त्या 'अरे'ला 'मास्तर' जोडते. पहिल्या वर्षी तिने माझ्या टेबलावर आपल्या वस्त्रांसोबत सात कागद ठेवले होते. प्रत्येक वस्त्राचा आधार, त्याचे मोजमाप, आणि तिच्या कामात मूळ वस्तूपेक्षा जे जे वेगळे झाले होते त्याची यादी. सातव्या कागदावर लिहिले होते : 'डाव्या मोज्याची टाच मूळ मोज्यापेक्षा अर्धा बोट लांब. कारण : माझा कंटाळा.' अशी कबुली त्यापूर्वी माझ्या वहीत कोणी दिली नव्हती.

तिने जो झगा करायला घेतला, त्याविषयी आता सांगितले पाहिजे.

लिकार्वे गावच्या दलदलीत शंभर वर्षांपूर्वी वाळवून जळणासाठी वापरतात ती काळी माती खणताना मजुरांना एक झगा सापडला. लोकरीचा, बाईचा, सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा, जवळजवळ अखंड. गावच्या छोट्या संग्रहालयाचे रखवालदार आल्गोत यांनी त्याची छायाचित्रे काचेच्या पाट्यांवर घेतली. दोन वर्षांनी झगा राजधानीला गेला आणि प्रकाशाने विरू नये म्हणून तेथे एका कपाटाच्या खणात बंद झाला. पुढे आल्गोतनी ती छायाचित्रे समोर ठेवून चाळीस पानांचे पुस्तक लिहिले. आम्हा सर्वांना तो झगा ठाऊक होता तो या चाळीस पानांतून. डाव्या खांद्यावर तळहाताएवढे ठिगळ, उजव्या बाजूस एक कळी इतर कळ्यांपेक्षा अरुंद, आणि एकविसाव्या पानावर शिवणीचे मोठे करून छापलेले चित्र. त्या चित्रात टाके उलट्या दिशेला कललेले होते. उजव्या हाताने शिवणाऱ्याचे टाके असे कलत नाहीत. आल्गोतनी खाली एक ओळ लिहिली होती : 'शिवणारी डावखुरी असावी.'

या एका ओळीने छावणीत मोठा पंथ निर्माण केला. त्या अज्ञात बाईला सगळे 'डावरी' म्हणू लागले. तिच्यासारखे शिवायचे म्हणून चाळीसेक बायका डाव्या हाताने सुई धरायला शिकल्या. तशी शिवण माझ्या टेबलावर आली की मी आधाराच्या रकान्यात 'आल्गोत, पान एकवीस' असे लिहून खूण करीत असे. किती वेळा केली याची मोजदाद वहीत आहे.

गुनवोरने ती ओळ प्रथम वाचली ती इस्पितळातील जेवणाच्या सुट्टीत. ती जन्माने डावखुरी. गावच्या शाळेत शिक्षिकेने तिचा डावा हात वर्षभर एप्रनच्या बंदाने बाकाला बांधून ठेवला होता, आणि तो सुटला तेव्हा त्याची सवय मोडली होती. "त्यानंतर माझा डावा हात पाहुण्यासारखा मांडीवर पडून असायचा," असे तिने मला एकदा सांगितले. "ती ओळ वाचली, आणि समोरच्या चादरीतली सुई उचलून मी या हातात घेतली. चव्वेचाळीस वर्षांची होते तेव्हा. टाका वाकडा पडला. पण माझा पडला."

मग पुष्कळ वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर, तिने तो झगा करायचे ठरवले. आल्गोतच्या पुस्तकावरून झगे पुष्कळ झाले होते. पण ते बाजारच्या कापडाचे, बेतून शिवलेले. गुनवोरने मेंढीपासून सुरुवात केली. मूळ सूत कोणत्या दिशेने पिळले आहे ते छायाचित्रात भिंग लावून पाहिले. तेही उलटे होते. ती म्हणाली, डावखुरी बाई टकळी उलटीच फिरवणार. तेव्हा तिनेही टकळी उलटी फिरवली. दोन हिवाळे, सगळे सूत, ताणा आणि बाणा दोन्ही.

दुसऱ्या हिवाळ्यात मी आणि बिर्गर तिच्याकडे गेलो होतो. बिर्गर आमच्या छावणीचा लोहार. एरवी शाळेची बस चालवतो. तिने केशर घातलेला भाताचा केक पुढे ठेवला, सोबत रानबेरीचा मुरांबा, आणि स्वतः खिडकीपाशी उभी राहून टकळीला गिरकी दिली.

बिर्गर म्हणाला, "अगं, उलटी का फिरवतेस? मेंढ्यांना घेरी येईल."

"तुझ्या भात्यात मी कधी नाक खुपसलं? खा आणि गप्प बस."

"गप्प बसतो. पण मला सांग, सुताचा पीळ डावा की उजवा, हे दोन पावलांवरून देवाला तरी दिसतं का?"

"नाही दिसत."

"मग?"

"तिला माहीत होता," गुनवोर म्हणाली.

बिर्गरने माझ्याकडे पाहिले, मी केककडे पाहिले, आणि विषय तेथे संपला.

तिसऱ्या हिवाळ्यात तिने कापड विणले. मूळ कापडाच्या विणीत एका ठिकाणी चूक आहे. विणणारीचे दोन धागे सुटले आहेत, गळ्यापासून तीन वितींवर. गुनवोरने तेथे दोन धागे सोडले. दोन धागे मुद्दाम सोडणे हे न सोडण्यापेक्षा किती कठीण असते ते तिने मला मागावर दाखवले. हात आपोआप चूक दुरुस्त करू पाहतो. मंजिष्ठेची मुळे परसात तीन वर्षे वाढवून तिने तुरटी लावलेल्या लोकरीला रंग दिला. मग कापड बेतले, आणि डाव्या हाताने, एका बोटात अकरा टाके या हिशेबाने, झगा शिवला. गेल्या मे महिन्यात शेवटची गाठ मारली.

त्याच महिन्यात बातमी आली की विस्बीच्या संग्रहालयात नवे दालन उघडणार असून ऑगस्टमध्ये, आमच्या छावणीच्याच आठवड्यात, लिकार्वेचा मूळ झगा महिनाभरासाठी बेटावर परत येणार आहे. अठ्ठ्याण्णव वर्षांनी. संग्रहालयात जुनी वस्त्रे जपण्याचे काम तूवे करते. ही पस्तिशीतली बाई छावणीच्या दारावर माझ्या शेजारी बसते आणि माझ्याहून कडक आहे. तूवेने गुनवोरला विचारले : तुझा झगा मूळ झग्याशेजारी काचेत ठेवू का?

गुनवोरने उत्तरासाठी तीन दिवस मागून घेतले. मग तिने मला फोन केला.

"मास्तर, काचेचं काय ते तूवे ठरवेल. मला एकदा तिचे टाके बघायचेत. तिचे आणि माझे, शेजारी शेजारी. तू चल माझ्याबरोबर. एकटीने जायची भीती वाटते."

गुनवोरच्या तोंडून 'भीती' हा शब्द मी पूर्वी ऐकला नव्हता. मी म्हटले, "कसली भीती?"

"एवढी वर्षं जिच्याशी बोलतेय, तिने मला ओळखलं नाही तर?"

ऑगस्टमध्ये मूळ झगा आला, आणि छावणीच्या आठवड्यातील मंगळवारी सकाळी दहाला आम्ही संग्रहालयाच्या मागच्या खोलीत पोचलो. खिडक्यांवर पडदे, मध्ये लांब पांढरे टेबल. त्यावर एक सपाट पेटी. गुनवोरने आपला झगा स्वच्छ चादरीत गुंडाळून आणला होता. तो तिने टेबलाच्या एका बाजूस उलगडला, बाह्या सरळ केल्या, कळ्या पसरल्या. तूवेने हातमोजे चढवले, पेटीचे झाकण काढले, पातळ कागदाचे चार पदर बाजूला केले आणि कापडाखालच्या फळीसकट मूळ झगा उचलून शेजारी ठेवला.

दलदलीने त्याचा रंग काळपट तपकिरी केला होता. बाकी तो होता तसा होता. कोपरापाशी कापडाला पडलेली पोकळी तशीच. कोणाचा तरी हात तेथे वाकत असे.

 प्रथम तूवे बोलली.

"उपडा ठेवलाय की काय मी?"

तिने गळा पाहिला. गळ्याची खोल, म्हणजे पुढची, बाजू वर होती. म्हणजे झगा सुलटाच होता. पण ठिगळ उजव्या खांद्यावर होते. गुनवोरच्या झग्यावर ते डावीकडे. अरुंद कळी मूळ झग्यात डावीकडे होती, गुनवोरच्या झग्यात उजवीकडे. तूवेने भिंग घेतले, विणीवर धरले, मग गुनवोरच्या विणीवर धरले, पुन्हा मुळावर. तिरकस वीण एकीकडे उजवीकडून डावीकडे उतरत होती, दुसरीकडे डावीकडून उजवीकडे. तिने गळ्यापासून तीन विती मोजल्या. सुटलेले दोन धागे दोन्ही झग्यांत होते. मध्यरेषेपासून सारख्याच अंतरावर, विरुद्ध बाजूंना.

"आतून बाहेर काढलाय का कुणी?" मी विचारले.

"नाही. शिवणीचे दुमड आतच आहेत." ती सरळ झाली. "थांबा जरा. आल्गोतच्या पाट्या खाली तळघरात आहेत."

ती गेली, तेवढा वेळ गुनवोर जागची हलली नाही. ती फक्त एका जागी पाहत होती, मूळ झग्याच्या बगलेतील शिवणीकडे. भिंग टेबलावर पडले होते. ते तिने उचलले नाही. बहुधा तिला भिंगाशिवायच दिसले होते.

तूवे एक लाकडी खोका घेऊन आली. काचेची पाटी तिने दिव्यासमोर धरली आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवले. आल्गोतनी शाईने घातलेला क्रमांक तेथे सरळ वाचता येत होता. झगा त्या बाजूने पाहिला की ठिगळ उजव्या खांद्यावर. तिने पाटी फिरवली. क्रमांक उलटा झाला, ठिगळ डावीकडे गेले, आणि ते चित्र नेमके आम्हाला पाठ असलेल्या पुस्तकातले झाले. काचेवरून कागदावर छायाचित्र छापताना कोणीतरी ती पालथी ठेवली होती. क्रमांकाचा कोपरा कागदाच्या कडेबरोबर कापला गेला, म्हणून ते कोणाच्या लक्षात आले नाही. आल्गोतनी पुस्तक लिहिले तेव्हा झगा त्यांच्यापासून समुद्रापलीकडे होता.

"सगळ्या पाट्या?" मी विचारले.

"सगळ्या. एकाच दिवशी, एकाच माणसाने छापल्या असणार."

"आणि शंभर वर्षांत कुणालाच कळलं नाही?"

तूवेने पाटी खोक्यात ठेवली. "कळणार कसं, मास्तर? आतापर्यंत झालेले झगे मी पाहिलेत. ठिगळ नाही, कळ्या सारख्या, कापड बाजारचं. मुळाशेजारी ठेवले असते तर आपण म्हटलं असतं, साधारण जमलंय. चूक दिसायला कुणीतरी इतकं बरोबर करायला हवं होतं."

हे मी नंतर अनेकांना सांगितले आहे, आणि येथेही शक्य तेवढे काटेकोर सांगतो. मी त्या टेबलापुढे उभा होतो, आणि माझ्यासमोर एक चूक होती, जिच्यात कोठेही चूक नव्हती. सुताच्या पिळापासून ठिगळाच्या शेवटच्या टाक्यापर्यंत एकही धागा आपल्या उलटेपणातून सुटलेला नव्हता. जणू एकच बाई पाण्याच्या काठावर वाकली होती, आणि कोणती वरची, कोणती पाण्यातली, एवढाच प्रश्न होता. मी आयुष्यभर मुलांच्या वह्यांतील चुका तांबड्या शाईने मोजल्या. या चुकीपुढे मला टोपी काढावीशी वाटली, आणि खरे सांगायचे तर मी ती काढून हातात धरली होती, हे तूवेने नंतर मला सांगितले.

गुनवोरने आता भिंग घेतले. ती वाकली आणि बगलेच्या शिवणीवरून, गळ्यावरून, ठिगळाच्या चारही बाजूंवरून सावकाश गेली. खूप वेळ. मग भिंग खाली ठेवून म्हणाली,

"म्हणजे ही उजव्या हाताची होती."

तिने आपल्या झग्याच्या बगलेवर बोट ठेवले.

"चारचौघींसारखी," ती म्हणाली.

तूवे घाईने बोलू लागली. काचेची जागा तयार आहे, दोन्ही झगे ठेवू, खाली पाटीवर दोन ओळी लिहू, बघणाऱ्यांपैकी शंभरात एकाला तरी कळेल का. गुनवोरने आपल्या झग्याच्या बाह्या आत दुमडल्या.

"प्रत म्हणून ठेवणार ना तुम्ही? ही प्रत नाही. असा झगा कधी कुणी घातलाच नाही."

"अगं, पण तीन हिवाळे..."

"हिवाळे माझे होते. ते बरे गेले." तिने चादरीची गाठ मारली. "मास्तर, बस चुकेल."

बसमध्ये तिने डावा हात मांडीवर ठेवला होता, तळवा वर करून. पूर्ण प्रवासात ती त्याच्याकडे पाहत होती.  लॅटिनमध्ये अशा प्रसंगांसाठी अनेक उत्तम वाक्ये आहेत. त्यांतील एकही मी उच्चारले नाही, याचे मला आजही समाधान वाटते.

गुरुवारी छावणी भरली. समुद्रावरून वारा येत होता, तंबूंचे दोर करकरत होते. दारापाशी नेहमीची रांग. कोणाच्या मनगटावर नुकत्याच काढलेल्या घड्याळाची गोरी खूण, कोणाच्या टोपलीत तळाशी लपवलेले बटाटे. बटाटे आमच्या सालानंतर दोनशे वर्षांनी युरोपात आले, हे बिर्गरला दरवर्षी सांगावे लागते. साडेनऊच्या सुमारास रांगेत गुनवोर दिसली. अंगावर तोच झगा. मंजिष्ठेचा लाल रंग उन्हात असा उजळला होता की रांगेतील लोक आपोआप बाजूला सरकले.

तिने माझ्यासमोर कागद ठेवला. वस्त्र : झगा. लोकर, सूत, वीण, रंग, शिवण, सगळे नेहमीप्रमाणे व्यवस्थित. शेवटची ओळ : 'आधार : नाही.'

माझ्या डाव्या हाताला तूवे बसली होती. उजवीकडे ऐरणीसाठी जागा मागायला आलेला बिर्गर उभा होता. कागद त्यानेही वाचला.

"हे काय नवीन खूळ?" तो म्हणाला. "चाळीस बायका असलेच डावरे झगे घालून आत बसल्यात. इतकी वर्षं चालले, आज काय त्यांना शिंगं फुटली?"

"त्यांचं मला विचारू नकोस. माझं मी लिहिलंय."

"मास्तर, कर रे खूण. बाई उन्हात उभी आहे."

मी लेखणी उचलली होती. खूण करण्यास माझा हात तयार होता, हे मी कबूल करतो. मनात कारणही तयार केले होते : आरशात दिसणारा झगा हाही त्या झग्याचाच पुरावा नव्हे काय? मी तसे बोलूनही दाखवले.

गुनवोर म्हणाली, "माझ्या जागी दुसरी कुणी असती तर?"

मी लेखणी खाली ठेवली.

"तुझ्या मेहुण्याचे बूट परत पाठवलेस ना? मग माझा झगा पाठवायला लाजतोस का? त्याचे बूट निदान पायात तरी सरळ होते."

बिर्गर हसला. तूवे हसली नाही. ती टेबलावर बोटे टेकून बसली होती. "नियम तिच्याच बाजूने आहे, मास्तर," ती हळूच म्हणाली.

मी नोंद केली : 'गुनवोर. झगा. आधार नाही. प्रवेश नाही.' बावीस वर्षांत असंख्य वेळा लिहिलेले शब्द. या वेळी अक्षर बिघडले.

ती वळली, रांगेच्या उलट चालत गाड्यांच्या माळावर गेली, आपल्या गाडीतून घडीची खुर्ची काढली आणि दोरीपासून वीस पावलांवर, गवतात, तोच झगा घालून बसली. दुपारी मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिच्या हातात थर्मासचा पेला होता.

"बाहेर एक बरं आहे," ती म्हणाली. "कॉफी लाकडांच्या ढिगामागे लपून प्यावी लागत नाही. घे."

मी घेतली. मी त्या आठवड्यात दोरीच्या आत कधी कॉफी घेत नाही. पण आम्ही दोरीच्या बाहेर होतो.

बातमी तोपर्यंत छावणीभर झाली होती. बायका एकेक करून बाहेर येऊ लागल्या. काहींना राग आला होता, आल्गोतचा, तूवेचा, माझा. काही नुसत्याच झग्याला हात लावून पाहत होत्या. एक तरुण मुलगी, मुख्य भूमीवरून आलेली, गुनवोरसमोर गवतात बसली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी वर्षभर डावा हात शिकले. आता तो काय करू?"

"भांडी घासताना कामाला येतो," गुनवोर म्हणाली. मुलीला हसू आले, तेव्हा पुढे म्हणाली, "शिकलेला हात कुणी परत मागत नाही गं. झग्याचं तुझं तू ठरव. मी माझं ठरवलं, तर तुम्ही सगळ्या माझ्याकडेच बघत बसलात."

संध्याकाळपर्यंत त्या चाळिसांतील एकोणतीस जणी माझ्या टेबलापुढे आल्या आणि आपापल्या जुन्या नोंदी दाखवून म्हणाल्या, ही खूण काढा. कोणी त्यांना सांगितले नव्हते. उरलेल्यांनी खूण तशीच ठेवली. मी त्यांनाही काही म्हटले नाही, कारण अशा जुन्या खुणांचे काय करायचे याविषयी छावणीच्या समितीचा निर्णय त्या दिवशी झालेला नव्हता. एकोणतीस नोंदींवर काट मारून मी प्रत्येकीपुढे तारीख घातली. रात्रीच्या जेवणाला त्यांतील बऱ्याच जणी दोरीबाहेर गवतात बसल्या होत्या, साध्या शर्टांत आणि पँटांत. आत लापशी आणि वाटाण्याचे सार शिजत होते. ते बिर्गर मातीच्या मडक्यातून बाहेर नेऊन वाढत होता. दोरी ओलांडून अन्न नेऊ नये असा नियम नाही. मी तपासून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर गुनवोर खुर्चीवर बसली होती. पायाशी करड्या लोकरीची पिशवी आणि हातात टकळी. झगा गाडीत मागच्या सीटवर घडी घालून ठेवला होता.

"पुन्हा?" मी विचारले.

"पुन्हा."

ती शहात्तर वर्षांची आहे. मी मनात तीन हिवाळे मिळवले. तिने माझ्या चेहऱ्यावरून बेरीज ओळखली असावी.

"हो, एकोणऐंशी. तुला वहीत लिहायची घाई असेल तर आत्ताच लिहून ठेव."

"मला एवढेच विचारायचे होते," मी म्हटले, "की ज्या हातासाठी तू एवढे सोसलेस, तो तुला सापडला होता. तो कोणी काढून घेतलेला नाही. डाव्या हाताने आणखी काहीही करता येईल तुला. उजव्या हाताने पुन्हा हे कशाला?"

तिने लोकरीचा पुंजका बोटांनी ओढून सारखा केला. उत्तर द्यायला तिला वेळ लागला. ती शब्द शोधत होती असे नव्हे, पुंजक्यात एक काडी होती.

"माझा हात कसा आहे ते मला माहीत आहे, मास्तर. मला तिचा बघायचा होता. डावरी असती तर बरं झालं असतं. नव्हती. मग जशी होती तशी. तिने काही मला सोबत द्यायचा करार केला नव्हता." काडी काढून तिने गवतात टाकली. "आणि शाळेतल्या त्या बाईने माझा हात बाकाला बांधला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता मी माझ्या मनाने उजवा घेतेय. फरक आहे."

तिने टकळी उजव्या हातात धरली. बोटे आखडलेली होती. बत्तीस वर्षे त्यांनी सूत काढले नव्हते. तिने गिरकी दिली, सुलट, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. टकळी दोन वेळा फिरली, धागा सैल पडत गेला, उलगडला, तुटला, आणि टकळी गवतात पडली.

आम्ही दोघांनी खाली पाहिले. टकळीला सुरुवातीचा म्हणून बांधलेला दोरा जुन्या सुतातला होता, उलट्या पिळाचा. तिची सुलट गिरकी त्याचा पीळ सोडवत होती.

"हे बघ," ती म्हणाली, आणि हसली. "एवढंसं राहिलं होतं, तेच नडलं."

तिने तो जुना तुकडा सोडवून बाजूला ठेवला. पुंजक्यातून थोडी लोकर ओढली आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये, कोणत्याही साधनाशिवाय, नुसत्या बोटांनी सुलट पिळून वीतभर नवा दोरा तयार केला. तो टकळीला बांधला. पुन्हा गिरकी. या वेळी धागा जाडजूड आला, गाठाळ, नवशिकीचा यावा तसा. पण तो टिकला. टकळी त्याच्या टोकाला फिरत गुडघ्यापर्यंत उतरली, घोट्यापर्यंत उतरली. तिने ती उचलून तेवढे सूत गुंडाळले आणि पुढचा पुंजका ओढला.

दारावर रांग लागली असेल हे मला ठाऊक होते. मी तरी उभाच होतो.

"मास्तर," ती मान वर न करता म्हणाली, "उन्हातून सरक. पीळ दिसत नाही."

मी सरकलो.